डेन्स-पॅक सेल्युलोज: न्यू इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी घराच्या भिंतीत भरून घ्यावं का?

बोस्टन, वूस्टर किंवा प्रॉव्हिडन्सकडे १९४० च्या आधी बांधलेलं लाकडी घर घेतलं की पहिल्या जानेवारीतच त्याचा स्वभाव कळतो. बॉयलर थांबायचं नाव घेत नाही, थर्मोस्टॅट ७० अंश फॅरनहाइट दाखवतो, आणि तरी बाहेरच्या भिंतीलगतच्या पलंगावर पाठ गारठते. कारण भिंत पोकळ असते. पुण्या-सांगलीकडे वाढलेल्या माणसाच्या डोक्यात भिंत म्हणजे नऊ इंची वीट आणि वर गिलावा. इथली जुनी भिंत म्हणजे लाकडी खोका. आतून लाकडी पट्ट्यांवर गिलावा, बाहेरून फळ्या (शीदिंग) आणि त्यावर क्लॅपबोर्ड, म्हणजे एकीवर एक चढलेल्या आडव्या पट्ट्या, किंवा शिंगल, म्हणजे कौलांसारखे छोटे पातळ तुकडे, मधे साडेतीन ते चार इंचांची पोकळी, आणि त्या पोकळीत नुसती हवा. सगळे थर धरूनही अशा भिंतीचं आर-मूल्य, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, जेमतेम ४ भरतं; आकडा मोठा तितकं चांगलं.

ही पोकळी गिलावा न फोडता भरायची रूढ सेवा म्हणजे डेन्स-पॅक सेल्युलोज. जुन्या वर्तमानपत्रांचा बारीक कीस, त्यात आग आणि कीड यांना अटकाव करणारं बोरेट, आणि तो कीस यंत्राच्या दाबाने भिंतीत गच्च कोंबायचा. आमचा कौल आधीच सांगतो: नीट केलेलं असेल तर पाचपैकी साडेचार. नीट केलेलं नसेल तर दोनसुद्धा नाहीत, कारण अर्धवट भरलेली भिंत पुन्हा उघडून भरणं हे पहिल्यापेक्षा कटकटीचं काम आहे. दोन्हींमधला फरक मालात नसतो. एकाच कारखान्याची पिशवी एका घरात उत्तम काम करते आणि शेजारच्या घरात खाली बसते. पैसे कागदाचे नसून दाबाचे आणि तयारीचे आहेत, आणि ग्राहकाने तपासायचंही तेच.

आधी वारा

घोंगडी कितीही जाड असो, ती पांघरून एस.टी.च्या उघड्या खिडकीशी बसलं तर वारा लागणारच. जुन्या घराचं तसंच असतं. १९३० च्या आसपासपर्यंतची पुष्कळ घरं बलून फ्रेमिंगची आहेत, म्हणजे भिंतीतले स्टड (उभे लाकडी खांब) तळघराच्या सिलपासून, म्हणजे पायावरच्या आडव्या लाकडापासून, थेट छपरापर्यंत अखंड जातात आणि मजल्याच्या पातळीवर मधे आडवं काही नसतं. दोन स्टडमधला प्रत्येक कप्पा हे एक धुराडं. हिवाळ्यात घरातली उबदार हवा वर चढते, पोटमाळ्यातून बाहेर जाते आणि तेवढीच थंड हवा तळघराच्या फटींतून आत ओढली जाते. म्हणून हवेची गळती बुजवण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी पोटमाळा, मग तळघराचा रिम जॉइस्ट (पायावर, पहिल्या मजल्याच्या कडेने फिरणारी तुळई), आणि भिंती शेवटी. जो कंत्राटदार पोटमाळ्यावर न चढता भिंतींचं दरपत्रक देतो, त्याला तिथेच नम्रपणे निरोप द्यावा.

पोटमाळ्यात शोधायच्या जागा म्हणजे आतल्या भिंतींचे माथे, सांडपाण्याच्या उभ्या पाइपाभोवतीची पोकळी, छतातल्या दिव्यांची भोकं, माळ्यावर चढायचं झाकण आणि चिमणीभोवतीची मोकळी जागा. पाव इंचापर्यंतच्या भेगेला कॉक् (नळीतून भरायची लवचिक लुगदी), पाव इंचापासून साधारण तीन इंचांपर्यंत डब्यातून फवारायचा फोम, आणि त्याहून मोठ्या भोकाला आधी कडक फोमबोर्डाचा तुकडा कापून बसवायचा, मग त्याच्या कडा फोमने बंद करायच्या. दुकानात मिळणाऱ्या डब्यांपैकी ‘ग्रेट स्टफ’चा साधा डबा या कामाला पुरतो. काम मोठं असेल तर त्याच कंपनीचा बंदुकीला लावायचा व्यावसायिक डबा घ्यावा. साधा डबा एकदा उघडला की नळीत फोम घट्ट होतो आणि उरलेला वाया जातो. बंदुकीवरचा डबा आठवडाभर लावून ठेवला तरी चालतो. खिडकी-दाराच्या चौकटीभोवती मात्र कमी फुगणाराच फोम हवा, नाहीतर चौकट आत दाबली जाते आणि खिडकी अडकते. हा फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, थंडीत डबा गार असेल तर नीट फुगत नाही. ओला असताना अ‍ॅसिटोनने निघतो. वाळल्यावर खरवडण्याखेरीज उपाय नाही.

चिमणीभोवती फोम अजिबात नको, नारिंगी रंगाचा ‘फायरब्लॉक’ लिहिलेलाही नको. विटांच्या चिमणीपासून लाकूड आणि जळण्याजोगं काहीही दोन इंच लांब हवं. तिथे पत्र्याची पट्टी कापून खिळे मारायचे आणि कडेला उच्च तापमानाचं सीलंट भरायचं. सेल्युलोजही चिमणीला टेकू द्यायचं नाही.

तळघरात रिम जॉइस्टवर दोन इंची फोमबोर्डाचे तुकडे प्रत्येक कप्प्यात बसवून चारही कडा फोमने बंद केल्या की फरक त्याच रात्री जाणवतो. बलून फ्रेमिंग असेल तर भिंतीच्या कप्प्यांची तळघराकडची तोंडं इथेच उघडी दिसतात. ती बंद केल्याशिवाय वरून सेल्युलोज भरलं तर ते सरळ तळघरात ओतलं जातं. घाईच्या कामात हे हमखास घडतं.

बाहेरून कॉकिंग करताना एक चूक फार लोक करतात. क्लॅपबोर्डच्या खालच्या कडा आणि स्टॉर्म विंडोच्या (खिडकीबाहेरच्या जादा काचेच्या) तळाची बारीक भोकं बुजवू नयेत. आत शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं आणि लाकूड तिथूनच वाळतं. ती वाट बंद केली की दोन-तीन हिवाळ्यांत रंग पापुद्र्यांनी सुटतो आणि मग दोष इन्सुलेशनला दिला जातो.

भरण्याआधी काय पाहायचं

भिंत खरंच रिकामी आहे का, हे घरबसल्या कळतं. बाहेरच्या भिंतीवरच्या सॉकेटची वीज ब्रेकरवरून बंद करून झाकणपट्टी काढायची आणि डब्याच्या कडेने प्लॅस्टिकची क्रोशाची सुई आत घालायची. आत काही असेल तर आकड्याला अडकून येतं: राखाडी कीस, पिवळी किंवा गुलाबी लोकर, कधी १९२०-३० च्या काळातली दगडी लोकर. धातूची सुई मुळीच नको.

नॉब अँड ट्यूब वायरिंग हा सगळ्यात मोठा अडसर. १९४० च्या दशकापर्यंत बसवलेल्या या वायरिंगमध्ये चिनी मातीच्या गुंड्यांवरून दोन सुट्या तारा जातात आणि भोवतालच्या मोकळ्या हवेतच थंड राहतात. त्यांच्याभोवती इन्सुलेशन कोंबायला अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता मनाई करते. तळघरात आणि पोटमाळ्यात गुंड्या दिसल्या तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनने त्या तारा मृत आहेत असं लिहून द्यावं, किंवा त्या बदलाव्यात. त्यानंतरच भिंतींना हात लावायचा. ‘सगळ्यांकडे असंच भरतात’ हे उत्तर स्वीकारू नका.

पोटमाळ्यात चमकदार, राखाडी-तपकिरी, अभ्रकासारखे हलके दाणे दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. मोंटानातल्या लिबी इथल्या खाणीतून आलेल्या आणि ‘झोनोलाइट’ या नावाने विकल्या गेलेल्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. बलून फ्रेमिंगच्या घरात हे दाणे वरून घसरून भिंतींच्या कप्प्यांतही उतरलेले असतात. त्याला हात लावायचा नाही, झाडायचं नाही आणि गळती मोजण्यासाठी पंख्याने घरातली हवा बाहेर ओढणारी ब्लोअर डोअर चाचणीही करायची नाही, कारण ती ते तंतू खोल्यांत खेचते. तसंच बाहेरची शिंगलं कडक, ठिसूळ, सिमेंटसारखी असतील तर तीही अ‍ॅस्बेस्टॉसची असण्याचा संभव असतो. ती भोकं न पाडता खिळे कापून अख्खी उतरवावी लागतात.

१९७८ च्या आधीच्या घरात शिशाचा रंग आहे असं गृहीत धरून काम होतं. २०१० पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमानुसार असा रंग खरवडणाऱ्या किंवा त्यात भोकं पाडणाऱ्या कंत्राटदाराकडे शिसे-सुरक्षिततेचं प्रमाणपत्र लागतं. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलं जातंय का, भुसा आणि रंगाचे तुकडे गोळा होतायत का, हे दरपत्रकाच्या वेळीच विचारा. घरात रांगतं मूल असेल तर यात तडजोड नाही.

आणि पाणी. भिंतीत पाणी येत असेल तर ती भरू नये, एवढं साधं आहे. रिकाम्या भिंतीत थोडं पाणी आलं तरी ती वाऱ्याने वाळायची. भरल्यावर वाळण्याचा वेग कमी होतो. खिडक्यांच्या खालचे कोपरे, भिंतीला छप्पर टेकतं तिथला शेवट आणि पन्हळी भरून वाहतात त्या जागा पाहायच्या. आर्द्रतामापकाची सुई शीदिंगच्या फळीत २० टक्क्यांच्या वर गेली तर आधी गळती शोधायची. छप्पर भिंतीत संपतं तिथे पाणी पन्हळीत वळवणारा पत्रा बहुतेक जुन्या घरांत नसतोच, आणि भिंत कुजायला सुरुवात नेमकी तिथून होते.

यंत्र, नळी, दाब

चांगलं पथक बाहेरून काम करतं. क्लॅपबोर्डची एक रांग सोडवायची, खालच्या फळीत प्रत्येक कप्प्याला दोन ते सव्वादोन इंचांचं भोक, आणि त्यातून सव्वा इंचाची लवचिक नळी आत. नळी आधी पूर्ण वर, मग खाली. टोकापासून फूट-दीड फुटाच्या आत पोचली पाहिजे. नळीवर फुटाफुटावर टेपच्या खुणा असतात. त्या नसतील तर ती कुठे अडली आहे हे काम करणाऱ्यालाच कळत नाही. मग यंत्र सुरू. कीस आत जात राहतो, थोड्या वेळाने नळीतला प्रवाह थबकतो, तेव्हा नळी सहा-आठ इंच मागे ओढायची, प्रवाह परत सुरू होतो, पुन्हा थबकतो. असं करत करत भोकापर्यंत यायचं. या लयीला घाई चालत नाही. प्रवाह थबकायच्या आधीच नळी ओढत गेलं तर कप्पा वरवर भरलेला दिसतो आणि आत भुसभुशीत राहतो.

यंत्राने नळीच्या टोकाशी साधारण ८० इंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब द्यायला हवा. दुकानातून भाड्याने मिळणारी लहान यंत्रं पोटमाळ्यात सैल कीस पसरण्यासाठी बनवलेली असतात आणि तिथे उत्तम चालतात. ‘ग्रीनफायबर’च्या पिशव्या आणि भाड्याचं यंत्र घेऊन दोघांनी पोटमाळा स्वतः भरणं हा शनिवार सत्कारणी लावण्याचा चांगला मार्ग आहे. पण त्याच यंत्राने भिंती भरायला जाऊ नका. दाब अपुरा पडतो, नळी दर दहा मिनिटांनी तुंबते, आणि भिंतीत जे जातं ते काही वर्षांत फूटभर खाली बसतं. वरच्या मजल्याच्या खोल्यांत छताखाली गारठ्याचा पट्टा उमटतो तो यामुळेच.

आतून, गिलाव्यात भोकं पाडून भरणंही शक्य आहे, आणि बाहेर वीट किंवा नवं साइडिंग (भिंतीचं बाहेरचं आवरण) असेल तर कधी तोच मार्ग उरतो. मात्र जुना गिलावा ड्रिलच्या धक्क्याने पट्ट्यांवरून सुटतो, आणि प्रत्येक खोलीत डझन-दोन डझन गोल ठिगळं रंगवूनही तिरप्या उजेडात दिसतात. पर्याय असेल तर बाहेरूनच.

पिशव्या मोजा

या परीक्षणातला सगळ्यात उपयोगी भाग हा आहे. भिंतीत सेल्युलोजची घनता घनफुटाला ३.५ पौंड हवी. तेवढ्या घनतेला ते खाली बसत नाही आणि हवेचा प्रवाहही बराच अडवतं. इंचाला आर-मूल्य सुमारे ३.५ ते ३.७ पडतं, म्हणजे साडेतीन इंचांच्या पोकळीत साधारण आर-१३. स्टडचं लाकूड स्वतः इंचाला आर-१.२५ च्या आसपासच असल्याने अख्ख्या भिंतीचं मूल्य प्रत्यक्षात १० ते ११ भरतं. जाहिरातीतला १३ चा आकडा वाचताना हे लक्षात ठेवावं. तरीही ४ वरून १० वर जाणं म्हणजे त्या भिंतीतून जाणारी उष्णता निम्म्याहून कमी होणं.

आता हिशोब. खिडक्या-दारं वजा करून बाहेरच्या भिंती १,६०० चौरस फूट, पोकळी साडेतीन इंच. १,६०० ला ३.५ ने गुणून १२ ने भागलं की सुमारे ४६७ घनफूट. त्यातलं २० टक्के लाकूड वजा केलं की ३७३ घनफूट. त्याला ३.५ ने गुणलं की सुमारे १,३०० पौंड. पिशवी २५ पौंडांची धरली तर ५२ पिशव्या. जुन्या घरात स्टड बऱ्याचदा खरोखर चार इंच खोल असतात. तसं असेल तर हाच आकडा ६० वर जातो. संध्याकाळी रिकाम्या पिशव्या मोजा. ३५ निघाल्या तर घनता २.३ च्या आसपास आहे आणि काम अपुरं आहे, मग पथक कितीही हसतमुख असो. आठ फुटी उंचीच्या एका कप्प्यात दहा पौंड जातो, म्हणजे एका पिशवीत अडीच कप्पे. पहिल्या तासातच उभं राहून हे पाहता येतं. हे काम मनापासून करणारे कंत्राटदार पिशव्या मोजणाऱ्या ग्राहकावर चिडत नाहीत, उलट पिशव्यांवरचा तक्ता काढून दाखवतात.

दरपत्रकात म्हणूनच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: चौरस फूट, घनफुटाला पौंड, आणि अपेक्षित पिशव्या. नुसत्या ‘आर-१३ भिंती’ या ओळीला अर्थ नाही. आणि माल पूर्ण बोरेटचा हवा. काही स्वस्त पिशव्यांत अमोनियम सल्फेट वापरतात. ओलावा लागला की त्याचा उग्र वास येतो आणि तांब्याच्या पाइपांना व खिळ्यांना गंज धरतो. पिशवीवर छापलेलं असतं, वाचून घ्या.

कुठे बिघडतं

कप्पे सुटणं ही सर्वांत सामान्य चूक. कोपऱ्यांजवळ भिंतीत तिरप्या आधाराच्या पट्ट्या असतात, कुठे मधेच आग अडवायला आडवा ठोकळा मारलेला असतो, खिडकीच्या खाली आणि वर छोटे वेगळे कप्पे असतात. एका भोकाने ते भरत नाहीत. आतली नळी ज्या फुटावर अडते तिथे दुसरं भोक पाडलंच पाहिजे.

त्याच्या उलटही घडतं, नको तिथे भरलं जाणं. जुन्या गरम हवेच्या भट्टीच्या घरांत परतीची हवा नेण्यासाठी भिंतीतलाच कप्पा नळासारखा वापरलेला असतो. तो भरला की भट्टीचा श्वास कोंडतो आणि कीस जाळ्यांतून खोलीभर उडतो. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या खिडक्यांच्या बाजूला लोखंडी वजनांची पोकळी असते. तिच्यात कीस गेला तर दोरी अडकते आणि खिडकी उघडत नाही. भिंतीत सरकणारं दार असेल तर तेही. म्हणून काम सुरू होण्याआधी घरमालकाने पथकाबरोबर आतून एक फेरी मारून अशा जागांवर निळी टेप लावावी. सकाळची वीस मिनिटं जातात, पण पुढचे तीन दिवस निस्तरत बसावं लागत नाही.

सैल गिलावा किंवा पातळ पॅनेलिंग दाबाने फुगून फुटतं. कपाटांच्या मागच्या भिंतीत जुनी, न बुजवलेली भोकं असतात, त्यातून कीस कपड्यांवर येतो. एकाच कप्प्यात तीन-चार पिशव्या गेल्या तर यंत्र लगेच थांबवून घरात शोध घ्यायचा. कीस नक्की कुठेतरी ढिगाने पडतोय.

बाहेरच्या भिंतीत पाण्याचा पाइप असेल, आणि जुन्या स्वयंपाकघरात सिंकखाली तो असतोच, तर कीस पाइपाच्या बाहेरच्या बाजूला हवा. पाइप आणि खोली यांच्यामध्ये भरला गेला तर घरातली ऊब पाइपापर्यंत पोचत नाही आणि फेब्रुवारीत तो गोठतो.

घर घट्ट झालं की आतली वाफ आणि धूर बाहेर जाण्याचा जुना, फुकटचा मार्गही बंद होतो. आपल्या स्वयंपाकघरात तीन-चार शिट्ट्यांचा कुकर, फोडणी, उकळतं वरण. हा ओलावा आणि तेल बाहेर गेलंच पाहिजे. ओट्यावरचा हूड हवा गाळून परत खोलीतच सोडणारा असेल तर त्याचा उपयोग नाही. बाहेर नेणारी नळी घालून घ्या. हिवाळ्यात आतली सापेक्ष आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांवर ठेवावी. खिडकीच्या काचेवर रोज सकाळी पाणी ओघळत असेल तर हवा अपुरी बदलते आहे. ताजी हवा किती लागते याचा रूढ मानकाचा हिशोब सोपा आहे: क्षेत्रफळाच्या चौरस फुटांना ०.०३ ने गुणा, त्यात बेडरूमच्या संख्येहून एक जास्त धरून ७.५ ची पट मिळवा. २,००० चौरस फूट आणि तीन बेडरूमला मिनिटाला ९० घनफूट. जुन्या घरात उरलेल्या गळतीमुळे पंख्याकडून लागणारा वाटा त्याहून कमी निघतो.

याच कारणाने तळघरातल्या गॅसच्या वॉटर हीटरची तपासणी काम संपल्यावर परत झालीच पाहिजे. ज्याचा धूर नुसत्या उष्णतेच्या ओढीने चिमणीत चढतो, तो हीटर घट्ट घरात एक्झॉस्ट पंखे चालू असताना उलटा धूर टाकू शकतो. सगळे पंखे आणि ड्रायर चालू ठेवून ही चाचणी होते. प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

दुसरे पर्याय

दाबून भरलेली काचेची लोकर घनफुटाला दोन पौंडांच्या आसपास भरली तर इंचाला आर-४.२ पर्यंत जाते आणि पाणी शोषत नाही. आर-मूल्य थोडं जास्त, किंमतही जास्त. समुद्रालगतच्या, वारा-पाऊस अंगावर घेणाऱ्या घरांसाठी आम्ही तिलाही बरोबरीचा दर्जा देऊ. भिंतीत ओतायच्या फोमबद्दल आमचं मत फारसं अनुकूल नाही. तो कुठपर्यंत पोचला ते कळत नाही, वाळताना आकसतो आणि स्टडच्या कडेला फट राहते, आणि पुढे वायरिंग ओढायचं झालं तर सगळं खरवडावं लागतं. युरिया-फॉर्माल्डिहाइड फोमवर कॅनडाने १९८० मध्ये बंदी घातली, ती त्यातून निघणाऱ्या वायूमुळे. आजचे फोम वेगळे आहेत, पण आकसण्याचा प्रश्न गेलेला नाही.

साइडिंग बदलायचंच असेल तर गणित पालटतं. तेव्हा पोकळी भरून शिवाय बाहेरून कडक फोमबोर्ड किंवा दगडी लोकरीच्या लाद्या लावाव्यात. स्टडमधून जाणारी उष्णता त्यानेच थांबते. बोस्टनच्या हवामान विभागात, म्हणजे विभाग ५ मध्ये, चार इंची स्टडच्या भिंतीवर बाहेरचा थर किमान आर-५ चा हवा, उत्तरेच्या विभाग ६ मध्ये आर-७.५. त्याहून पातळ लावला तर शीदिंग थंडच राहतं आणि आतल्या वाफेचं पाणी तिथेच होतं.

पूर्ण विटांची भिंत असेल तर यातलं काही लागू नाही. आतून इन्सुलेशन लावल्याने वीट अधिक गार आणि ओली राहते आणि गोठण-वितळणीत तिचे पापुद्रे निघतात. तिथे आधी विटांची तपासणी.

मॅसॅच्युसेट्समध्ये मास सेव्ह योजनेतून घराची पाहणी मोफत होते, मंजूर इन्सुलेशनवर ७५ टक्के किंवा अधिक सवलत मिळते. नॉब अँड ट्यूब, व्हर्मिक्युलाइट, ओल हे अडसर आधी दूर करावे लागतात. केंद्र सरकारची इन्सुलेशनवरची ३० टक्के करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या कामाला मिळत नाही. अजूनही तिच्या आशेवर दरपत्रक विकणारे भेटले तर सावध राहा.

शेवटचा हप्ता देण्याआधी ब्लोअर डोअर चाचणी कामाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळी झालेली हवी. दारात पंखा बसवून घरातला दाब ५० पास्कलने कमी करतात आणि मिनिटाला किती हवा आत येते ते मोजतात. १६,००० घनफुटांच्या घरात आकडा ४,००० आला तर त्या दाबाखाली तासाला १५ वेळा हवा बदलते, जुन्या घरात हे नवल नाही. २,४०० वर उतरला तर ९ वेळा. नव्या घराला या हवामानात ३ ची मर्यादा असते, तिच्याशी तुलना करून निराश होऊ नये. भिंतींची खरी परीक्षा थर्मल कॅमेऱ्याने. आत-बाहेर तापमानात निदान १८ अंश फॅरनहाइटचा फरक हवा, पहाटेची वेळ उत्तम, भिंतीवर ऊन पडायच्या आत. सुटलेला कप्पा पडद्यावर गडद उभ्या पट्ट्यासारखा दिसतो, आणि छताखाली फूटभर गडद पट्टी दिसली तर माल खाली बसला आहे. काम उन्हाळ्यात झालं असेल तर ही तपासणी डिसेंबरमध्ये करायची आणि सापडलेले कप्पे विनामूल्य भरून द्यायचे, हे करारात आधीच लिहून घ्या. त्यासाठी एकूण रकमेचा दहावा हिस्सा तोवर हातात ठेवा.